जबडेसरांचे सोमवार

सर बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नसत, जबड्याकडे बघत. पहिल्या भेटीत माणूस अवघडून जाई. तोंडाला काही लागलंय की काय म्हणून हात फिरवी. बायका पदर सारखा करीत. सरांना त्याचं काही नसे. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, पण जबडा एकदा पाहिला की चार वर्षांनीही ओळखत. आमच्या गल्लीतल्या लेथवाल्याला ते ‘डाव्या बाजूनं चावणारे’ म्हणत आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्याला ‘हनुवटी मागे असलेले’. त्यांचं खरं नाव मोठं होतं, नावापुढच्या डिग्र्याही मोठ्या होत्या. पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांना सगळे जबडेसरच म्हणायचे. हे त्यांच्याही कानावर गेलं होतं. एकदा मला म्हणाले, "बरं आहे. कामावरून नाव पडलं म्हणजे काम दिसत असणार."

दोन हजार दोन-तीनच्या सुमाराची गोष्ट. मी अण्णांच्या पॅटर्न शॉपमध्ये कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायचो. ओतकामाच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो. वाळूत त्याचा ठसा घेऊन त्या पोकळीत लोखंडाचा रस ओततात. तो नमुना म्हणजे पॅटर्न. पूर्वी तो हातानं कोरायचे. अण्णांनी हौसेनं ड्रॉइंगवरून लाकूड कोरणारं मशीन आणलं होतं आणि ते समजणारा तिथे मी एकटा होतो. माझं आडनाव सुतार. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या रंधा चालला, माझ्या हातात माऊस आला.

एका सकाळी सर एक मोठा पिवळा लिफाफा घेऊन दारात उभे राहिले. पांढरा शर्ट, पायांत साध्या चपला, वय साठीच्या आसपास. लिफाफ्यातून त्यांनी एका माणसाच्या डोक्याचे सीटी स्कॅन काढले आणि म्हणाले, या माणसाचा जबडा मला लाकडात करून हवा आहे.

अण्णा गडहिंग्लजकडचे, बोलायला रोखठोक. म्हणाले, "डॉक्टर, आमी पंपाचं पॅटर्न करतो. व्हॉल्व्हचं करतो. मानसाचं न्हाय करत."

"फरक काय आहे?" सरांनी शांतपणे विचारलं. "तुम्हीही आतली पोकळी आधी बघता, मीही तीच बघतो."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग हसले. "सोमवारी आमची सुट्टी असतीया. मशीन रिकामंच हाय. ह्यो सुतार तयार आसंल तर करा की."

माझी बायको मलकापूरला शाळेत शिक्षिका होती, मुलगी तिच्याजवळ. मी शिवाजी पेठेत एका खोलीत राहायचो आणि सोमवारच्या सुट्टीला गावी जायचो. सकाळच्या गाडीऐवजी दुपारची धरू, असा हिशेब करून मी होय म्हणालो. माझे पुढचे तीन-चार वर्षांचे सोमवार तिथे ठरले.

सोमवारी उद्यमनगरची गल्ली ओळखू येत नाही. इतर दिवशी एकमेकांशी ओरडून बोलावं लागतं. सोमवारी शटरं खाली, लेथ बंद, भंगाराच्या ढिगावर कुत्री झोपलेली. त्या सामसुमीत बरोबर दहाला राजारामपुरीकडून सर चालत येत. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात सीडी आणि एक पेन्सिल. माझ्या शेजारी लाकडी स्टुलावर बसत आणि म्हणत, "चला सुतार, माणूस उघडू."

काम असं असायचं. जबड्यात गाठ झालेल्या रुग्णाचं तेवढं हाड काढावं लागतं. मग पोटरीतल्या दोन हाडांपैकी बारकं हाड घेऊन, त्याचे तुकडे करून, ते जबड्याच्या आकारात बसवतात. पोटरीचं हाड सरळ आणि जबडा वळलेला. कुठे कापायचं, किती तिरपं कापायचं, हे ऑपरेशनच्या टेबलावर ठरवायला गेलं तर वेळ जातो, आणि पायातून सुटलेल्या हाडाला तेवढा वेळ रक्त नसतं. "टेबलावर हात चालवायचे," सर म्हणायचे, "विचार इथे बसून करायचा." स्कॅन म्हणजे डोक्याचे पावासारखे काप. प्रत्येक कापावर हाडाची कड माऊसनं गिरवायची, सगळे काप एकावर एक रचायचे, की पडद्यावर जबडा उभा राहायचा. त्यातून आजारी भाग पुसायचा, चांगली बाजू आरशात धरल्यासारखी उलटी करून तिथे आणायची, आणि पोटरीच्या हाडाचे तुकडे फिरवून फिरवून तिच्यावर बसवायचे. फोटोच्या चौकटीचे कोपरे तिरपे कापून जुळवतात तसं. मी हे म्हणालो तेव्हा सरांना फार आवडलं. पुढे ते डॉक्टरांनाही तसंच समजावून सांगायचे आणि वर सांगायचे, "हे सुतारांचं वाक्य आहे."

एक गोष्ट मात्र अण्णांना खटकायची. सर आमच्याकडे कधी चहा घेत नसत. "मी बाहेर घेत नाही," एवढंच म्हणत. अण्णा मागून म्हणायचे, "मोठा मानूस. आमच्या कपातला चा कुटला चालतोय त्यास्नी." मलाही तसंच वाटायचं. दोन-तीन सोमवार झाल्यावर एकदा मला त्यांचं म्हणणं समजेना. हाड नेमकं कुठे कापायचं ते कळेना. मी उठलो आणि म्हणालो, "सर, तुम्हीच माऊस घ्या, एक रेघ मारून दाखवा."

त्यांनी थोडा वेळ माऊसकडे पाहिलं. मग उजवा हात त्यावर ठेवला. पडद्यावर करवतीच्या दातांसारखी रेघ उमटली. त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला. मांडीवर तो अगदी शांत होता.

"काही धरलं की थरथरतो," ते म्हणाले. "पाच वर्षं झाली. एका ऑपरेशनच्या मध्येच सुरू झालं. मी सुरी शेजारच्या डॉक्टरच्या हातात दिली आणि बाजूला झालो. मला कुणी थांबवलं नाही. मीच थांबलो."

मी रेघ पुसली आणि त्यांनी पेन्सिलीच्या टोकानं दाखवलं तिथे नवी मारली. पुढच्या सोमवारपासून मीही काम संपेपर्यंत चहा मागवणं बंद केलं.

सर आता ऑपरेशन करत नसत, फक्त आखत. करायच्या त्यांच्याच एका विद्यार्थिनी, ज्यांना मी मॅडम म्हणायचो. त्या एका मोठ्या दवाखान्यात सर्जन होत्या. ऑपरेशनच्या दिवशी सर हिरवे कपडे घालून, तोंडाला फडकं बांधून आत जात आणि भिंतीला पाठ लावून उभे राहत. सहा तास, आठ तास. विचारलं तर बोलत. बहुतेक वेळा कुणी विचारत नसे.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. "राहून गेलं," म्हणायचे. धारवाडला एक बहीण होती. राजारामपुरीत एका जिन्यावरच्या दोन खोल्यांत ते राहायचे. एकदा कागद दाखवायला मी न सांगता दुपारी गेलो. दार लोटलेलं होतं. सर खिडकीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून जेवत होते. ताट मांडीवर, गळ्याभोवती टॉवेल, हातात मोठा चमचा. तोंडापर्यंत जाईतो अर्धी आमटी शर्टावर सांडत होती. त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "सुतार, जरा बाहेर थांबा." मी जिन्यावर बसलो. पाच-सात मिनिटांनी दार उघडलं. त्यांनी शर्ट बदलला होता, ताट कुठे दिसत नव्हतं. आम्ही कागद पसरून कामाला लागलो. त्या दिवशी मला त्यांचं नेहमीचं एक बोलणं आठवत राहिलं. जबडा गेलेल्या रुग्णांबद्दल ते म्हणायचे, "बोलणं गेलं, रूप गेलं, हे लोक सांगतात. एकट्यानं जेवावं लागतं, हे कुणी सांगत नाही."

महादेवीअक्का नावाच्या एका रुग्णाच्या बाबतीत ते त्यांच्या नवऱ्यानं सांगितलं. गडहिंग्लजला त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी कुठेतरी अक्कांचा डावा अर्धा जबडा काढला होता. गाठ कर्करोगाची नव्हती, पण हाड पोखरून टाकलं होतं. तिथे दुसरं हाड बसवलंच नव्हतं. राहिलेला जबडा डावीकडे ओढला गेला होता. पूर्वी दुकानात गिऱ्हाइकाशी कन्नड-मराठी मिसळून तासभर घासाघीस करणारी बाई आता पाटीवर लिहून बोलायची. त्यांचे यजमान मल्लाप्पा मॅडमच्या खोलीत सरांसमोर म्हणाले, "ती आमच्यासंगट जेवत न्हाय ओ. सैपाकघराचं दार लावून घेतीया. दोन वर्सं झाली, माझ्या बायकोला मी घास खाताना बघिटलं न्हाय."

सर नेहमीप्रमाणे अक्कांच्या जबड्याकडे बघत होते. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा नजर वर उचलली आणि अक्कांच्या डोळ्यांकडे पाहिलं. "करू," म्हणाले.

अक्कांच्या जबड्यावर आम्ही पाच-सहा सोमवार घालवले. मी उजवी बाजू उलटी करून डावीकडे बसवली. पडद्यावर चेहरा सुबक दिसत होता. मला वाटलं झालं. सर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ही कोण बाई?"

मला कळेना.

"कुणाचाही चेहरा दोन्हीकडे सारखा नसतो, सुतार. ही देवळातली मूर्ती झाली." त्यांनी मल्लाप्पांकडून अक्कांचा लग्नातला फोटो मागवून घेतला. फोटोत अक्कांची हनुवटी जराशी डावीकडे कललेली होती. मग आम्ही तेवढी हनुवटी कलवली. एक मिलिमीटर इकडे, अर्धा तिकडे. "हिला देखणी नाही करायची," सर म्हणाले. "मुलांना आई ओळखू आली पाहिजे."

लाकडी जबडा तयार झाला. हाडाचे तुकडे जोडणारी धातूची पट्टी त्याच्यावर आधीच वाकवून ठेवली. ऑपरेशनची तारीख ठरली. आदल्या दिवशी सर लाकडी जबडा घेऊन वॉर्डात गेले. मीही बरोबर होतो. त्यांनी तो अक्कांच्या गालाशेजारी धरला, थरथरत्या बोटांनी अक्कांच्या कानाखालून हनुवटीपर्यंत चाचपलं, मग लाकडावर तेच केलं. दोनदा केलं. मग मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

"हा उंच आहे," ते म्हणाले. "दोन कापांमधलं अंतर किती धरलंत?"

मी सांगितलं आणि सांगता सांगताच चूक माझ्या लक्षात आली. स्कॅनवर दोन आकडे होते. एक कापाची जाडी, दुसरा एका कापापासून पुढच्या कापापर्यंतचं अंतर. काप एकमेकांवर थोडे चढलेले असतात, म्हणून अंतर जाडीपेक्षा कमी होतं. मी जाडी धरली होती. सगळा जबडा एक पंचमांशानं उंच झाला होता. पडद्यावर सगळंच लहान-मोठं करता येतं, तिथे हे दिसलं नव्हतं. त्या लाकडावर वाकवलेली पट्टी अक्कांना बसलीच नसती, आणि ते कळलं असतं तेव्हा पोटरीचं हाड पायातून बाहेर आलेलं असतं.

सर रागावले नाहीत. थोडा वेळ त्यांनी लाकडी जबडा हातात धरून ठेवला. मग मॅडमना आणि मल्लाप्पांना बोलावलं आणि म्हणाले, "उद्याचं ऑपरेशन होणार नाही. आखणीत चूक झाली आहे. चूक माझी आहे."

रक्ताची सोय झाली होती. गडहिंग्लजहून नातेवाईक आले होते. अक्का मनाची तयारी करून बसल्या होत्या. मल्लाप्पा सरांच्या अगदी जवळ गेले. "तुमच्या हाताचं ऐकलं हुतं आमी, डॉक्टर," ते हळू आवाजात म्हणाले. "आता नजर बी गेली काय?"

सरांनी लाकडी जबडा पिशवीत ठेवला. मॅडम जमिनीकडे बघत होत्या. मी चार हातांच्या अंतरावर उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या तोंडून ते निघालं नाही.

परतताना मी म्हणालो, "सर, मी त्यांना सांगतो." ते म्हणाले, "काय सांगणार? बघायचं काम माझं होतं. उद्या सोमवार नाही, पण बसूया." अण्णांनी पंपाचं काम थांबवून दोन दिवस मशीन आम्हाला दिलं. मी प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचायचो आणि सर मान हलवायचे.

तीन आठवड्यांनी ऑपरेशन झालं. सर भिंतीशी उभे होते. पट्टी आणि हाडाचे तिन्ही तुकडे पहिल्या खेपेला बसले. मॅडमनी बाहेर येऊन मला सांगितलं, "चपखल." सहा-सात महिन्यांनी अक्का तपासणीला आल्या तेव्हा दवाखान्याच्या कँटीनमध्ये मल्लाप्पांच्या समोर बसून त्यांनी उप्पीट खाल्लं. हळूहळू, एका बाजूनं, पण सगळ्यांच्या देखत. कपबशी धुणाऱ्या बाईला त्यांनी मीठ कमी आहे म्हणून सुनावलंही. शब्द थोडे जाड येत होते. मी ते पाहिलं. सरांना त्या दिवशी कुणी कळवलंच नव्हतं. सोमवारी मी सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "कुठल्या बाजूनं चावत होत्या?" मी म्हणालो, "उजव्या." ते म्हणाले, "येईल, डावीही येईल."

त्यानंतर काम कमी होत गेलं. आधी दर सोमवारी एक सीडी असायची, मग महिन्याला एक, मग तीही नाही. दवाखान्यात लोक काय बोलतात ते माझ्या कानावर यायचं. हात गेला होता, आता डोकंही चालेना, असं म्हणायचे. मी ऐकून घ्यायचो. सर मात्र काम नसलं तरी दहाला यायचे. आम्ही जुन्या केसेस उघडून बसायचो. ते विचारायचे, "इथे आणखी थोडं तिरपं कापलं असतं तर?" मी फिरवून दाखवायचो. कधी कधी तासभर कुणीच बोलायचं नाही. कॉम्प्युटरचा पंखा तेवढा घरघरत असायचा. मला त्या बसण्याचा कंटाळा यायला लागला होता, हे कबूल करतो. मुलगी मोठी होत होती आणि माझा अर्धा सोमवार उद्यमनगरात जात होता.

अशाच एका सोमवारी ते आले तेव्हा त्यांच्या खांद्याला पिशवी नव्हती. मी शटर ओढायच्या बेतात होतो. मुलीच्या शाळेत कसलासा कार्यक्रम होता, मला साडेदहाची गाडी गाठायची होती.

"आज काही काम नाही," ते म्हणाले. "सहज आलोय."

"सर, आज जरा घाई आहे. पुढच्या सोमवारी बसू."

"हो, बसू," ते म्हणाले. मी कुलूप लावेपर्यंत ते बाजूला उभे राहिले. मग कोपऱ्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आले. मी रिक्षाला हात केला. वळून पाहिलं तेव्हा ते बंद दुकानांच्या कडेनं परत निघाले होते.

पुढच्या सोमवारी दहा वाजले, अकरा वाजले. मी राजारामपुरीला गेलो. दोन्ही खोल्या रिकाम्या होत्या. घरमालकीणबाई म्हणाल्या, "धारवाडास गेले की बहिणीकडं. कायमचंच गेले. तुमास्नी बोलले न्हाईत व्हय?"

मी धारवाडला दोन पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, बहिणीच्या अक्षरात, चार ओळींचं. प्रकृती बरी आहे, तुमची आठवण काढतात. सरांचा हात आता पेनही धरत नसणार, हे मला तेव्हा सुचलं. जायचं जायचं म्हणत मी गेलो नाही. अण्णांच्याकडचं काम वाढलं होतं, मुलीला कोल्हापूरला शाळेत घातलं होतं. कारणांना तोटा नव्हता. दोन वर्षांनी पेपरात आतल्या पानावर छोटी बातमी आली. सर गेले.

त्या आठवड्यात मी मॅडमकडे गेलो. दुपारची वेळ होती, बाहेर पेशंट नव्हते. मी बसलोही नाही. म्हणालो, "मॅडम, महादेवीअक्कांच्या वेळची ती चूक माझी होती. आकडा मी चुकीचा धरला होता. सरांची काही चूक नव्हती. त्यांनी तर पकडली."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बसा," म्हणाल्या. मग बोलल्या, "आम्ही कुणी विचारलंच नाही. सर म्हणाले माझी, आम्ही धरून चाललो."

मी खुर्ची ओढून बसलो.

"त्यानंतर मी सरांना म्हटलं होतं, मुंबईत आता एक कंपनी हे काम करते, आपण इथलं बंद करू. ते नाही म्हणाले. म्हणाले, मला शेजारी बसून काम करणारा माणूस मिळालाय, मी त्याला सोडणार नाही. मला वाटलं, वयाचा हट्ट. मग मी केसेस परस्पर मुंबईला पाठवायला लागले. त्यांना कळवायचेसुद्धा नाही." त्यांनी चष्मा परत घातला. "त्यांना कळत असणारच."

बाहेर कंपाउंडरनं कुणाला तरी नाव विचारलं. मॅडम माझ्याकडे बघत होत्या.

"जायच्या आधी तुमच्याकडे आले होते का ते?"

"आले होते."

"काय म्हणाले?"

"सहज आलोय म्हणाले," मी सांगितलं. "मला गाडी गाठायची होती."